पाठीवरचं घड्याळ

लोकांना बिंदू म्हटलं की मोतीच आठवतो. नवऱ्याला काचबिंदू झालाय असं मी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये ज्याला सांगितलं, त्याने मला लगेच ऑपरेशनचा सल्ला दिला. एकजण म्हणते, आमच्या सासूबाईंचं केलं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागल्या. आमच्या साहेबांनी तर बाहेरची लेन्स टाकून घेतली, आता चष्माही लागत नाही. मी म्हणते, अहो तो मोतीबिंदू, हा काचबिंदू. ते म्हणतात, तेच ते. लिफ्टला तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हा फरक सांगून होत नाही. म्हणून हल्ली मी 'हो, बघतोय' म्हणते आणि मजला आला की बाहेर पडते.

त्यांना हसायचा मला काडीचाही अधिकार नाही. ही चूक त्यांच्या आधी मी केली आहे, आणि त्यांच्या चुकीने कुणाचं काही गेलं नाही.

माझा नवरा ड्राफ्ट्समन. कांजूरमार्गच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत त्याने तीस वर्षं पाइपांचे आणि टाक्यांचे नकाशे काढले, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. दुसऱ्याच्या नकाशातली अर्ध्या मिलिमीटरची चूक त्याला खुर्चीतून न उठता दिसायची. असा माणूस एके दिवशी ताटाशेजारच्या भांड्याला कोपर मारून पाणी सांडू लागला. मग दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागला. एकदा मंडईत एका बाईला धडकला आणि तिने भर बाजारात त्याची लाज काढली. घरी येऊन म्हणाला, बाजूचं जरा कमी दिसतंय गं. मी कणीक मळत होते. मान वर न करता मी निकाल दिला, मोतीबिंदू. माझ्या आईचा तीन वर्षं पिकू दिला होता, कच्चा काढला तर नीट निघत नाही, पिकला की एकदाच काय ते करून टाकू. इतक्या खात्रीने मी आयुष्यात दुसरं काही सांगितलं नसेल.

आणि त्याने ऐकलं. औषधपाण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझाच शब्द चालतो, कारण माझ्या माहेरी प्रत्येकाला काही ना काही होतं आणि मी ते सगळं निस्तरलेलं आहे. शिवाय दुखत नव्हतं, डोळे लाल नव्हते, समोरचं अगदी लख्ख दिसत होतं. दोन वर्षं आम्ही आढीत घातलेल्या आंब्यासारखी त्याचे डोळे पिकायची वाट बघत बसलो. मधून मधून मी विचारायची, काय रे, धुरकट दिसायला लागलं का? तो म्हणायचा, नाही अजून. मी म्हणायची, मग थांब.

शेवटी मीच ठरवलं की आता पिकला असेल, आणि त्याला घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी कसलीशी तपासणी सांगितली. एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, हातात बटण धरायचं, आत कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचं. मी पडद्याबाहेर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. एकदा टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. मला वाटलं मशीन बंद पडलंय, मी जाऊन विचारलंसुद्धा. तिथली मुलगी म्हणाली, मशीन चालू आहे काकू, त्यांना दिसत नाहीयेत.

डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, इतके दिवस का थांबलात. मी म्हटलं, पिकायची वाट बघत होतो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काचबिंदू पिकत नसतो," त्या म्हणाल्या. "आत नस मरत जाते. जेवढी मेली तेवढी मेली. ती आता परत येत नाही. उरलीय ती टिकवायचा प्रयत्न करू."

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. तेव्हापासून दिवसातून तीन वेळा मोबाइल वाजतो आणि मी त्याच्या डोळ्यांत थेंब घालते. एकही वेळ चुकवलेली नाही. तो मान मागे टेकवतो, डोळा उघडा ठेवतो, आणि मी त्या डोळ्यात माझा अंगठा आणि बाटलीचं टोक एवढंच बघते. एकदा तरी तो म्हणाला असता ना, तुझ्यामुळे झालं, तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तो एवढंच म्हणाला की तुला काय माहीत असणार, मलाही तेच वाटलं. ह्या समजूतदारपणाने माझा जीव घुसमटतो, आजही.

ह्या सगळ्यात त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती, रविवारची.

वीस वर्षांहून जास्त काळ त्याचे थंडीपासून मेपर्यंतचे रविवार ठाण्याच्या खाडीवर गेले होते. पुलापलीकडे ऐरोलीच्या बाजूने होड्या सुटतात. भरती चढली की चिखलावर पाणी येतं आणि होडीला आत जाता येतं, त्यामुळे फेरीची वेळ भरती ठरवते. कधी पहाटे सहाला, कधी भर दुपारी. पक्षीवेड्यांच्या एका मंडळाच्या वतीने तो होडीत उभा राहून लोकांना पक्षी दाखवायचा, फुकट. लोक येतात फ्लेमिंगो बघायला. तो त्यांच्याकडून आधी 'रोहित' म्हणवून घ्यायचा, आणि रोहित पक्ष्यांचे थवे येईपर्यंत वाटेतले शेकाटे, तुतवार, कुरव, सुरय दाखवत जायचा. तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या, विजेचे टॉवर, लांब कांजूरच्या डंपिंगवर गिरक्या घेणाऱ्या घारी, आणि वारा फिरला की येणारा तो वास. ह्या सगळ्यातून त्याला चिखलात खुपसलेली एक चोच दिसायची आणि तेवढ्यावर त्याचा पुढचा आठवडा निघायचा. मी तोवर फार तर चार-पाचदा गेले असेन. मला पक्ष्यांचं वेड नाही. मला चिमणी, कावळा आणि कबूतर ओळखता येतं, त्यातलं कबूतर मला नको झालंय.

पक्षी कुठे आहे हे तो घड्याळावर सांगायचा. होडीचं तोंड म्हणजे बारा, मागचं टोक म्हणजे सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. 'दोन वाजता शराटी' असं तो पहिल्यांदा म्हणाला की होडीतले निम्मे लोक हटकून मनगटावर बघायचे, आणि तो हटकून म्हणायचा, मनगटावर पक्षी बसत नसतो, पाण्याकडे बघा. हा विनोद त्याने वीस वर्षं केला. घरी मी त्यावरून त्याची टिंगल करायची.

नजर गेल्यावर त्याने नोकरी सोडली, तेव्हा तो काही बोलला नाही. पण दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, खाडीवर पक्षी उतरल्याचे मेसेज यायला लागले, तसा तो घरात येरझाऱ्या घालायला लागला. त्याला समोरचं अजून दिसत होतं, पण पुंगळीतून बघावं तेवढंच. पक्षी नेमका कुठे आहे हे आधी माहीत असेल तरच तो त्या पुंगळीत सापडणार. मंडळाला सांगून टाक, असं मी म्हटलं. तो म्हणाला, सांगितलं की ते शाल-श्रीफळ देतील, दोन शब्द बोलतील आणि काठावर बसवतील.

"नोकरी गेली त्याचं काही नाही गं," तो म्हणाला. "रविवार नको जायला."

मग मीच तोडगा काढला. मी त्याच्याबरोबर होडीत येणार. तो उभा राहील, मी त्याच्या मागे बसेन आणि आधार दिल्यासारखा त्याच्या पाठीवर हात ठेवेन. पाठ म्हणजे घड्याळ. मानेखाली बारा, कमरेवर सहा, उजवा खांदा तीन, डावा खांदा नऊ. पक्षी दिसेल तिथे मी बोट दाबायचं. मोठा पक्षी असेल तर पूर्ण पंजा.

महिनाभर आम्ही स्वयंपाकघरात सराव केला. तो खिडकीकडे तोंड करून उभा, मी त्याच्या मागे, बाहेर गुलमोहर आणि समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या. मी बोट दाबायची, तो म्हणायचा, दहा वाजता, वाळत घातलेली चादर. अकरा वाजता, कुकरची शिट्टी. आम्ही हसत सुटायचो. जेवण झालं की टेबलावर त्याचं पक्ष्यांचं पुस्तक उघडायचं आणि तो माझी परीक्षा घ्यायचा. चोच वर वळलेली की खाली, पाय लाल की हिरवे. पन्नाशी उलटल्यावर मला तुतवार आणि शेकाट्या ह्यातला फरक कळायला लागला. त्या महिन्यात आम्ही एकमेकांच्या जितके जवळ होतो तितके लग्नाच्या पहिल्या वर्षातही नसू. माझ्या हातून जे झालं होतं ते माझ्याच हाताने थोडंसं भरून निघतंय असं मला वाटायला लागलं होतं.

पहिल्या रविवारी होडीत तीसेक माणसं होती. बोरीवलीहून आलेला एक मोठा ग्रुप, काही ऑफिसातली मंडळी, दोन-तीन कुटुंबं. मागे इंजिनापाशी आमचा नेहमीचा कोळी नाखवा. नवरा होडीच्या पुढच्या टोकाला लोकांकडे तोंड करून उभा राहिला, मी त्याच्या पाठीशी फळीवर बसले आणि हात ठेवला. त्याचा शर्ट घामाने ओला झाला होता. त्याने सुरुवात केली, रोहित म्हणायला लावलं, मनगटाचा विनोद केला, लोक हसले, आणि माझ्या हाताखाली त्याची पाठ सैल पडलेली मला कळली.

थोडं आत गेल्यावर पाण्यात मासेमारीच्या काठ्या रोवलेल्या होत्या. माझ्या डाव्या हाताला एका काठीवर चांगला मोठा पक्षी बसलेला मला दिसला. पांढरं पोट, डोळ्यावरून काळा पट्टा, पायात मासा. मी पुस्तकात बघितलेला कैकर. मला इतका आनंद झाला की मी अख्खा पंजा त्याच्या डाव्या खांद्यावर दाबला आणि पुटपुटले, कैकर.

"नऊ वाजता, काठीवर, कैकर," तो म्हणाला, आणि त्याने उजवा हात लांब केला.

तीस माथी वळली, पण भलतीकडे. मला आधी कळेचना काय झालं. कैकर ह्या बाजूला मासा फाडत बसलाय आणि सगळी होडी त्या बाजूला बघतेय. मग डोक्यात प्रकाश पडला. स्वयंपाकघरात आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून उभे असायचो. इथे आमची दोघांची तोंडं लोकांकडे होती आणि होडीच्या तोंडाकडे पाठ. आमची डावी बाजू म्हणजे लोकांची उजवी. वीस वर्षं तो मनातल्या मनात हे उलटं करून सांगत आला होता, इतकं सवयीने की मला बजावून ठेवावं हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मी नऊ दाबलं, त्याने नऊ सांगितलं, आणि लोकांच्या नऊला फक्त रिकाम्या काठ्या होत्या. एका काठीला निळं प्लास्टिक अडकून फडफडत होतं.

आता कुणीतरी म्हणणार, तिथे काहीच नाही, असं वाटून मी लोकांच्या तोंडाकडे बघत राहिले. एक क्षणभर 'कुठे, कुठे' झालं. मग पुढच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, हां, तो बघ. लगेच मागून आवाज आले, दिसला, दिसला. मोबाइल वर झाले. एका बाईने आपल्या नवऱ्याचा चेहरा हाताने धरून त्या काठ्यांकडे वळवला आणि त्यानेही मान डोलावली. एक गृहस्थ म्हणाले, काय रुबाब आहे. कैकर ह्या बाजूला चांगली पाच मिनिटं मासा खात बसला होता, त्याच्याकडे एकानेही बघितलं नाही. फक्त मागून नाखव्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो पुन्हा इंजिनात डोकं घालून बसला.

हात कसा बदलायचा हे माझ्या डोक्यात नीट बसेपर्यंत आणखी दोन पक्षी असेच गेले. एक शेकाट्या आणि एक सुरय. तेही सगळ्यांना दिसले.

पुढे रोहित आले. ते दाखवायला कुणी लागत नाही. गुलाबी रंग लांबूनच पाण्यावर पसरलेला असतो. लोक ओरडले, उभे राहिले, नाखवा त्यांना खाली बसा म्हणून ओरडला. उतरताना त्या रुबाबवाल्या गृहस्थांनी नवऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं की रोहित तर काय, सगळेच दाखवतात, पण तुम्ही कैकर दाखवलात. घरी येईपर्यंत रिक्षात तो एकटाच बडबडत होता. रिकाम्या काठ्यांचं मी त्याला सांगितलं नाही.

त्यानंतरचे चार-पाच रविवार छान गेले. मला डाव्या-उजव्याची सवय झाली. पक्षी जिथे असायचे तिथेच तो दाखवायचा. घरात तो गुणगुणायला लागला, दाढी रोज करायला लागला, डोळ्यात थेंब घालताना गप्पा मारायला लागला. मी तेव्हा तोंड शिवून बसायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं, माझ्या तर मुळीच नाही. एका संध्याकाळी चहा घेताना मला वाटलं, आता जमलंय सगळं, आता ही गंमत सांगायला हरकत नाही. आणि मी त्याला ती पहिल्या रविवारची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ते निळं प्लास्टिक, ती नवऱ्याचं तोंड वळवणारी बाई, काय रुबाब आहे. मी हसून हसून अर्धी झाले.

तो हसला नाही. त्याने विचारलं की कैकर उजवीकडे होता म्हणजे किती लांब होता. मी म्हटलं, अरे इतका जवळ की मला त्याच्या पायातला मासा दिसत होता.

"आणि एकानेही विचारलं नाही? तीस माणसांत?"

"कोण विचारणार रे," मी म्हटलं. "होडीचे पैसे भरलेत, दिसलं म्हणायचं, फोटो काढायचा, घरी जायचं. सगळीकडे तेच."

त्याने बशीची कड बोटाने चाचपली आणि कप खाली ठेवला. मग म्हणाला, मग माझे डोळे चांगले होते तेव्हाही असंच असेल. मी म्हटलं, काहीतरीच काय, तेव्हा तू बरोबर दाखवायचास.

"मी बरोबरच दाखवत होतो गं. त्यांना दिसत होतं का, ते विचारतोय."

मी म्हटलं, काहींना दिसत असेल, काहींना नसेल. मी म्हटलं, लोक इतक्या लांबून येतात ते उगाच का. मी आणखी बरंच काही म्हटलं आणि मलाच ते ऐकवेना. तो ते सगळं मोजत बसला होता हे मला दिसत होतं. एवढी वर्षं, एवढे रविवार, एवढ्या होड्या, आणि प्रत्येक होडीत तीस माना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मंडळात फोन करून सांगितलं की माझी नजर गेली आहे, मला आता जमणार नाही. ते आले, शाल आणि नारळ घेऊन. चांगली माणसं आहेत ती, एकजण बोलता बोलता रडला. नवऱ्याने सगळ्यांचे आभार मानले, मी पोहे केले. त्याने त्याची दुर्बीण त्यातल्याच एकाला देऊन टाकली. ते गेल्यावर मी त्याला म्हटलं, निदान दुर्बीण तरी ठेवायचीस. तो म्हणाला, कशाला?

आता तो गॅलरीत बसतो. पुंगळी आणखी बारीक झाली आहे. डॉक्टरीण बाई दर वेळी म्हणतात की औषधाने वेग कमी झालाय, आणि मी दर वेळी हो म्हणते. पहिल्या पहिल्यांदा मी मोबाइलवर आलेले खाडीचे फोटो त्याला वर्णन करून सांगायची. एकदा तो म्हणाला, राहू दे, आणि मी बंद केलं. आम्ही भांडत नाही. आमच्याकडे पाहुणे आले तर म्हणतात, किती शांत घर आहे. मला ह्या शांततेची भीती वाटते. सकाळी डोळे उघडले की माझ्या मनात पहिला शब्द येतो तो 'पिकू दे'. मग मी उठते, चहा टाकते, बाटली शोधते. आशा वगैरे मी ठेवलेली नाही. डॉक्टरीण बाईंनीही ठेवायला सांगितलेली नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी, जेवणं झाल्यावर, त्याने आपण होऊन मला हाक मारली. आपण होऊन तो हल्ली फारसा काही बोलत नाही, म्हणून मी हातातलं टाकून आले आणि त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, मालवणचा गादा तुला आठवतो ना?

मालवणकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. नवऱ्याचं गाव तिथलं. त्याचे वडील गिरणीत कामाला म्हणून इकडे आले ते इकडचेच झाले, पण लग्न झाल्यावर देवाला नेऊन आणायची पद्धत, म्हणून आम्ही गेलो होतो. तेव्हा आतासारखे डॉल्फिन दाखवायचे बोर्ड नव्हते की जॅकेटं नव्हती. त्याच्या चुलतभावाची मासेमारीची होडी होती, भावाने हौसेने नव्या वहिनीला समुद्रावर नेलं. त्या फेरीत गादा दिसला. ही गोष्ट नवऱ्याने पुढे येईल त्याला सांगितली आहे. लोक चार-चार दिवस होड्या फिरवतात आणि हात हलवत परत येतात, आणि हिने पहिल्याच फेरीत बघितला. आयुष्यात आम्ही दोघांनी मिळून बघितलेला पहिला प्राणी, असं तो म्हणायचा, आणि पक्षी-प्राण्यांच्या माणसाने हे असं म्हणणं म्हणजे काय ते मला कळायचं.

"किती वेळ दिसला, कुठे दिसला, ते सगळं मला पाठ आहे," तो म्हणाला. "पण चित्र येत नाही गं डोळ्यांपुढे. आणायला गेलो की टीव्हीतलाच कुठला तरी येतो. तू सांग ना. तुला दिसला तसा सांग."

मला तो दिसला नव्हता.

मला होडी लागली होती. नवी साडी, डोक्यावरून पदर, आणि पोटात ढवळत होतं. नव्या नवरीने दिराच्या होडीत ओकायचं कसं, म्हणून मी गुडघ्यांत मान घालून होडीच्या तळात साचलेल्या पाण्याकडे बघत बसले होते. वर आरडाओरडा झाला. त्याने माझा दंड धरला आणि विचारलं, दिसला? दिसला का तुला? मी मान खालीच ठेवून म्हटलं, हो, दिसला. त्याला इतका आनंद झाला की त्याने सगळ्यांदेखत माझा हात हातात धरला. मग कसं सांगणार? आणि पुढे इतक्या वेळा ती गोष्ट माझ्यासमोर सांगितली गेली की न सांगण्याचंही काही वाटेनासं झालं.

ह्या वेळी खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे त्याला म्हणायचं होतं की होडीतल्या त्या सगळ्या लोकांसारखीच मीही, आणि पहिल्या दिवसापासून. ते माझ्याच्याने झालं नाही. तो माझ्याकडे तोंड करून बसला होता, त्या उरलेल्या पुंगळीत माझा चेहरा बरोबर मधोमध धरून, आणि वाट बघत होता.

"काय सुंदर होता रे," मी म्हटलं. "अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर आला, अशी कमान करून. ऊन पडलं होतं त्याच्या अंगावर, चकाकला नुसता. आणि मग धपकन पाण्यात. माझ्या तोंडावर पाणी उडालं."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "उडी नव्हती मारली त्याने. नुसती पाठ दिसली होती, दोनदा. आणि ऊन कुठलं, मळभ होतं त्या दिवशी."

मी म्हटलं, हो रे, बरोबर, माझी कशाशी तरी गल्लत झाली.

"होतं असं," तो म्हणाला. होडीत कुणी न दिसलेला पक्षी दिसला म्हणून सांगितलं आणि त्याचा रंग चुकवला, की तो त्यांना अशाच आवाजात हे म्हणायचा, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग मोबाइल वाजला, दुपारच्या थेंबांची वेळ झाली होती. त्याने मान मागे टेकवली आणि डोळे उघडे ठेवले, आणि मी थेंब घातले.

त्या दिवसापासून त्याने मला कशाबद्दलही 'दिसलं का' असं विचारलेलं नाही.